समुद्रातली शिवाजी पेठ

कोल्हापुरात समुद्र नाही. हे मला आजवर इतक्या लोकांनी इतक्या काळजीनं समजावून सांगितलंय, की आता मी नुसती मान डोलावते. एकदा मालवणची गाडी पकडायला रिक्षा केली होती. पाण्यात पायांना लावायचे लांब रबरी पंख माझ्या पिशवीतून बाहेर डोकावत होते. रिक्षावाला बराच वेळ आरशातून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मावशी, ह्ये काय हाय?"

"पोहायचे पंख."

"कुठं पवायला चाललाय?"

"समुद्रात."

"का? रंकाळ्याला काय झालंय?"

मी स्टँडवर उतरले आणि गाडी पकडली. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि रजा काढून, सुट्ट्या साठवून, एक-दोनदा चक्क आजारपणाचा अर्ज देऊन घाट उतरले. खाली जाऊन समुद्रातली प्रवाळं आणि त्यांत राहणारे मासे मोजले. पोटापाण्यासाठी शिकवणं आणि जिवासाठी मोजणं, अशी माझी नोकरी झाली. आता दोन्हींतून निवृत्त आहे. त्यातल्या मोजण्यातून कशी निवृत्त झाले, ते सांगायचंय.

आमचं घर जैनांचं. वडील नदीकाठच्या गावात शेती बघायचे आणि शाळेसाठी आई आम्हा भावंडांना घेऊन शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहायची. पोहायला मी शेतातल्या विहिरीत शिकले. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधला, वरून ढकललं आणि "मार हात!" म्हणून ओरडले. एवढंच माझं प्रशिक्षण. पण ज्या घरात सूर्य मावळला की चूल बंद आणि कंदमुळाला उंबरा बंद, त्या घरातली पोरगी माशांचा अभ्यास करणार म्हटल्यावर आईच्या जिवाचा थरकाप झाला. ती एकदा कॉलेजात येऊन गेली होती. प्रयोगशाळेत बरण्यांत मेलेले मासे ओळीनं उभे केलेले तिनं बघितले आणि घरी येऊन आंघोळ केली.

तिच्यामुळंच म्हणा, मी मासे मारून तपासण्याच्या वाटेला गेले नाही. पाण्यात उतरून, त्यांच्या घरात पाहुण्यासारखं जाऊन मोजायची पद्धत असते, ती मी धरली. तरी प्रत्येक खेपेहून परत आले की न्हाणीघराच्या दारात आईची चौकशी ठरलेली.

"किती मारलीस?"

"एक न्हाई. मोजली नुस्ती."

"मोजून काय करतीस?"

"लिहून ठेवते."

"आन मग?"

"परत जाऊन मोजते."

"देवा," असं म्हणून ती आत जायची. पुढं मोठमोठ्या समित्यांनी पैसे देण्याआधी मला हाच प्रश्न इंग्रजीत विचारला. आईइतका सरळ कुणी विचारला नाही.

आता धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. शर्टाच्या बटणाएवढे, कधी त्याहूनही बारीक असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुन्याचं घर बांधत जातात. ती वसाहत म्हणजे प्रवाळ. वाढीचा वेग असा, की वर्षभरात बोटाच्या पेराएवढी वाढली तरी खूप. तेव्हा पाण्याखाली माझ्या कमरेएवढा एखादा गड्डा दिसला की मी त्याला मनातल्या मनात नमस्कार करायची. माझ्या आईच्या आधीपासून तो तिथं बसलेला असायचा. हे सगळं मी पेठेत अनेकदा समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन आमच्या गल्लीतला एक गृहस्थ म्हणाला, "त्ये सगळं बरोबर हाय म्याडम. पर येताना एक अस्सल पोवळं आणा की. मंगळाला पायजे."

मोजायची रीत सोपी आहे. पाण्याखाली पन्नास मीटरची टेप अंथरायची. तिच्यावरून हळूहळू पोहत जायचं आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरांत जो मासा दिसेल त्याची जात आणि संख्या प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीनं लिहायची. शिसपेन्सिल पाण्याखालीही झकास चालते. येताना परत त्याच टेपवरून प्रवाळ बघत यायचं: किती जिवंत, किती मेलेलं, किती पांढरं पडलेलं. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि तसंच तापत राहिलं तर मरतं. अट एकच. दरवर्षी टेप त्याच जागेवर पडली पाहिजे, म्हणून तिच्या टोकांना लोखंडी खुंट्या ठोकून ठेवायच्या. आज शाहूपुरीच्या बाजारातली माणसं मोजायची, पुढच्या वर्षी घाटाजवळच्या मलकापुरातली मोजायची आणि म्हणायचं गर्दी घटली, असं चालत नाही.

मालवणच्या बाजूला एक लहान गाव आहे. त्याचं नाव मी देणार नाही आणि कुणी आग्रह करू नये. त्या गावासमोर, किनाऱ्यापासून होडीनं अर्ध्या तासावर, माझ्या तीन जागा होत्या. शास्त्रीय कागदांत त्यांना आकडे होते, पण मी माझ्या सोयीनं नावं ठेवली होती. एका ठिकाणी एक निळा पट्ट्याचा बारीक मासा दुकान मांडून बसायचा. मोठे मासे येऊन त्याच्यापुढं तोंड उघडून थांबायचे आणि हा त्यांच्या कल्ल्यांतले, दातांतले किडे खाऊन साफसफाई करून द्यायचा. गिऱ्हाईक सतत उभं. ती शाहूपुरी. दुसरी जागा वाळूची आणि विरळ, वाटेत दम खायची. ते मलकापूर. आणि तिसरी पेठ.

पेठेत थाळ्यांसारखी एकावर एक रचलेली प्रवाळं होती, मधे गोल गड्डे आणि त्यांच्या बोळांतून माशांची ही गर्दी. चिमणीएवढा एक काळपट मासा तिथं हातभर जागेवर शेवाळ राखून असतो. त्याच्या हद्दीत कुणी आलं की तो आकार बघत नाही, सरळ अंगावर येतो. मी तर त्याच्या मानानं डोंगर. तरी पेन्सिल धरलेल्या बोटाला दरवर्षी चावायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसून "पावणं, कुणाकडं?" असं दटावून विचारणारे एक दादा होते, त्यांची मला हमखास आठवण यायची. म्हणून ती पेठ. माझा सगळा जीव त्या एका जागेत होता, हे कबूल करते.

तिथं फुलपाखरू माशाच्या जोड्या होत्या. पिवळे, चपटे, ताटलीसारखे मासे. नर-मादी जोडीनं फिरतात, एक मागं राहिला की दुसरा थांबतो. त्यांचं महत्त्व मला पुस्तकांइतकंच शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं शिकवलं. त्यांनी बंगल्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून मला घाईघाईनं बोलावून घेतलं. टाकीत एक फुलपाखरू मासा एका कोपऱ्यात उभा होता. घरातली सगळी माणसं टाकीभोवती उभी.

"आठ दिवस झालं, तोंडात घास न्हाई घेतला," ते म्हणाले. "सगळं घालून बघितलं. आवडतंय काय ह्याला?"

मी म्हटलं, "हा जिवंत प्रवाळ खातो. दुसरं काही खात नाही."

"मग त्ये मागवूया की."

"मिळत नाही. आणि मिळालं तरी तुमच्या टाकीत जगणार नाही."

त्यांचा चेहरा बघवेना. आमच्याच समाजातले गृहस्थ. घराला शोभा म्हणून आणलेला जीव आपल्या दारात उपाशी मरणार, हे त्यांना सोसेना. तो दोन दिवसांनी गेला. त्यांनी टाकी रिकामी करून विकली आणि एक दिवस उपवास केला. त्या दिवसापासून पाण्याखाली फुलपाखराची जोडी दिसली की मी ओळखायची, इथं ताट वाढलेलं आहे. जोडी दिसेनाशी झाली, तर प्रवाळाचं काहीतरी बिनसलंय.

मला या जागांवर न्यायचे बाबलभाऊ. माझ्याच वयाचे मच्छीमार, बोलायला कमी आणि चहाला तयार. माझ्याकडं जागा दाखवणारं यंत्र होतं, पण ते पाच-दहा मीटर इकडंतिकडं करायचं. आमच्या समुद्रात पाणी गढूळ. कित्येक दिवस दोन मीटरच्या पुढचं दिसत नाही, तिथं दहा मीटर चुकणं म्हणजे गाव चुकणं. बाबलभाऊंना यंत्र लागत नसे. ते किनाऱ्याकडं बघायचे.

"त्या डोंगराचो खाचो देवळाच्या कळसार इलो, की एक खूण. सुरूचा झाड त्या काळ्या खडपाक लागला, की दुसरी. दोनय जुळली की खाली तुमची पेठ."

आणि खरोखर खाली पेठ असायची. हे मला पटायला दोन हंगाम लागले, कारण मी शिकलेली. पण एका हिवाळ्यात तीन दिवस किनाऱ्यावर धुरकं बसलं. डोंगर दिसेना, कळस दिसेना. रजा संपली आणि मी हात हलवत परत आले. त्या रागात माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती मला फार हुशारीची वाटली. घरी पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन होता. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइल पेंट होता. मी तो कॅन लालभडक रंगवला, झाकण घट्ट बसवलं आणि पुढच्या खेपेला पेठेच्या मधोमध, दोरीला धोंडा बांधून, तो खुणेचा बोया म्हणून पाण्यावर तरंगत सोडला. बाबलभाऊंना बिलकूल आवडलं नाही.

"ह्यो बोयो कित्याक? माझे डोळे फुटले नाय अजून."

"डोळे नाही हो, धुरकं. आता धुरकं असलं तरी सापडेल."

"सापडतला खरा," ते म्हणाले आणि विषय सोडला. मी खूश. पुढची तीन वर्षं मी बोया बघून थेट पेठेवर जायची. पहाटे भरतीला निघायचं, ऊन वर यायच्या आत मोजणी उरकायची आणि दुपारची गाडी पकडून रात्री कोल्हापूर. आणि काय सांगू, आकडे वाढायला लागले! काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे पहिल्या वर्षी मूठभर होते, दुसऱ्या वर्षी झुंडीनं, तिसऱ्या वर्षी तर मी पाण्यात शिरले की माझ्या तोंडाशी यायचे, हाताला हुंगायचे. इतकं प्रेम मला विद्यार्थ्यांनीही दिलं नव्हतं. फुलपाखरांच्या जोड्या कमी दिसत होत्या, ते पाटीवर नोंदलेलं होतं. पण एकूण बेरीज चढती होती आणि चढती बेरीज माणसाला आंधळं करते. मी कोल्हापुरात व्याख्यान दिलं. पडद्यावर चढती रेघ दाखवली आणि म्हटलं, आपल्या किनाऱ्यावरची ही प्रवाळं सुधारतायत. टाळ्या पडल्या. बाबलभाऊ काही कामानं कोल्हापुरात आले होते, त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी माझ्या भावाच्या कुटुंबाला घेऊन त्या गावी गेले. काम नव्हतं, नुसती सहल. भर दुपारी सगळ्यांना एका भाड्याच्या होडीत बसवून म्हटलं, चला, माझी पेठ लांबून दाखवते. दाखवण्यासारखं खूपच होतं. माझ्या लाल बोयाभोवती नऊ होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. नारिंगी जाकिटं घातलेले पर्यटक पाण्यात डुंबत होते. होडीवाले पावाचे तुकडे करून पाण्यात टाकत होते आणि त्यावर माझे ते प्रेमळ पट्टेवाले मासे तुटून पडत होते. भावजय कौतुकानं म्हणाली, "ताई, तुमची पेठ लई फेमस झालीय की!"

मी पोहायचा चष्मा चढवला आणि तशीच पाण्यात उडी टाकली. थाळ्या फुटल्या होत्या. नांगर पडतो तिथं एक खड्डा आणि ओढला जातो तिथवर चर, असे किती तरी. बऱ्याच तुटक्यांवर शेवाळ चढलं होतं, म्हणजे काही काल-परवाचं नव्हतं. पहाटेच्या अंधुक पाण्यात, टेपच्या त्या पट्ट्यात नाक घालून, मी मोडलेल्या फांद्या "वादळाने" असा शेरा मारून तीन वर्षं लिहीत आले होते. आणि अगदी मधोमध, जिथं बोयाच्या दोरीत अडकेल म्हणून कुणी नांगर टाकला नसावा, तिथं एक स्वच्छ गोल होता, खरवडून काढल्यासारखा पांढरा. तो माझ्या धोंड्यानं आणि माझ्या दोरीनं केला होता. लाटेबरोबर दोरी फिरत राहिली आणि तिच्या टप्प्यात आलेलं सगळं घासलं गेलं. वर आले तेव्हा मी रडत होते. पाण्यात रडण्याची एक सोय असते, कुणाला कळत नाही.

किनाऱ्यावर आल्यावर मी बाबलभाऊंवर धावून गेले. आवाज आमचा कोल्हापूरचा, अख्खी वाडी बाहेर आली.

"कधीपासून येतायत या होड्या?"

"तीन वर्सां झाली."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुमीच बोयो लावलास," ते शांतपणे म्हणाले. "आमकां वाटला, लोकांक दाखवूक लावलास. बोयो बघान ते थंय इले. आणि तुमी कोल्हापुरात सगळ्यांसमोर सांगितलास, मासे वाढले. तुमी खूश दिसलास. माका कसा कळतला?"

 माणूस खरं बोलत होता. बोया लावणारी मी, चढती रेघ दाखवणारी मी. पर्यटकांच्या होडीवाल्यांनी तर कुणाचं काय वाईट केलं होतं? शिकलेल्या बाईनं खूण लावली, त्यांनी विश्वास ठेवला.

दोन दिवसांनी बाबलभाऊंनी जाळी ठेवायच्या शेडमध्ये सगळ्या होडीवाल्यांना बोलावलं. मी उभी राहून झालं ते सगळं सांगितलं. चूक माझी, हे आधी सांगितलं. पेठ सोडा, असं हात जोडून म्हटलं. जवळच एक उघडा खडक आहे, त्यावर प्रवाळ नाही, पण मासे पुष्कळ. तिथं नीट बोया बसवून देते, पाव बघून पट्टेवाले मासे तिथंही येतील. बरीच बोलाचाली झाली. पण वाईट माणसं नव्हती ती. शेवटी सगळ्यांत वयस्कर तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचे म्होरके, उठले.

"आमका मान्य आसा. पण बंद म्हणजे सगळ्यांक बंद. आमची होडी नको आणि मॅडमची चलता, असा चलूचा नाय."

मी म्हटलं, "मी नांगर टाकत नाही. वर्षातून दोनदा जाते, नुसती मोजते."

"तुमी काय करतास ता आमका म्हायत आसा. पण तुमची होडी थंय उभी रवली, की भायरचे होडीवाले बघतले. हय कायतरी आसा म्हणतले. तुमी म्हणजे पण बोयोच."

मी बाबलभाऊंकडं बघितलं. इतक्या वर्षांची ओळख. ते आपल्या पायांकडं बघत होते. मग मान वर करून म्हणाले, "तांडेल म्हणतत ता बरोबर आसा."

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात? मोजणारीला मोजणी बंद म्हणजे काय, ते सांगते. अकरा हंगाम एकाच जागेवर टेप पडली होती. अशा मोजणीची किंमत वर्षागणिक वाढते. अकरा झाली की बारावं वर्ष पहिल्या अकरांपेक्षा मोलाचं. आता तर मोडलेलं प्रवाळ परत धरतं की नाही, हेच बघायचं होतं. ते बघणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे माझ्या चुकीचा परिणाम काय झाला, हेही मला कधी कळणार नव्हतं. मी विचार करते म्हणाले आणि रागारागानं गाडीत बसून कोल्हापूरला आले.

आई तेव्हा खूप थकली होती, पण कान तिखट. मी भांडी आपटतेय म्हटल्यावर तिनं बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं तिच्या पद्धतीनं उलटतपासणी घेतली.

"तू न्हाई गेलीस तर मासं मरत्यात?"

"न्हाई."

"त्ये काय म्हंतीस... प्रवाळ, त्ये मरतंय?"

"न्हाई. उलट..."

"मग?"

"आई, पण मला कळणार न्हाई ना!"

ती हसली. आमच्यात चातुर्मासात नेम घेतात, की या चार महिन्यांत अमुक दिशेला अमुक हद्दीपलीकडं पाऊल टाकणार नाही. जेवढं कमी चालाल तेवढे कमी जीव पायाखाली येतील, असा त्यामागचा विचार. आई दरवर्षी हा नेम घ्यायची आणि आम्ही भावंडं दरवर्षी तिची थट्टा करायचो. मामाच्या गावचं लग्नसुद्धा तिनं त्यापायी सोडलं होतं.

"म्या चार म्हयने गावाची शीव वलांडत न्हाई," ती म्हणाली. "पल्याड काय चाललंय, मला तरी कुठं कळतंय? तुझा एवढा समुद्र हाय. त्यातली एक जागा सोड की."

पस्तीस वर्षं मी तिला माझा धंदा समजावत होते. तिला तो माझ्याआधी समजला होता.

मी गावाला होकार कळवला. दोरी आणि टेपसाठी ठोकलेल्या लोखंडी खुंट्या काढायला मला एकदा उतरायची परवानगी मिळाली. पाटी बरोबर न्यायची नाही, असं बाबलभाऊंनी बजावलं. नेली नाही. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मोजलंच. फुलपाखरांची एक जोडी उरली होती. त्या काळपट माशानं शेवटचं म्हणून बोटाला चावून घेतलं. खुंट्या घेऊन वर आले, लाल कॅन होडीत टाकला आणि आम्ही परत फिरलो. अकरा वर्षांचा निबंध लिहिला आणि त्यातून जागेचा पत्ता काढून टाकला. तो दोन ठिकाणांहून साभार परत आला, कारण पत्ता नसलेली मोजणी कोण खरी मानणार? तिसऱ्यानं छापला, पण त्यावरून फार कुणी काही केलं नाही. त्याचं वाईट वाटतं. अजूनही वाटतं. जगातल्या कुठल्याशा प्रवाळावर कुणाची वीस वर्षांची, तीस वर्षांची मोजणी छापून आली की मी ती आधी हेव्यानं वाचते आणि मग कौतुकानं.

आई गेली, मी निवृत्त झाले. या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी त्या गावी गेले. बाबलभाऊंच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, होडीला नवं इंजिन आलंय. उघड्या खडकावरच्या बोयाभोवती पर्यटकांची जत्रा होती. आता होड्या पूर्वीच्या दुप्पट, निम्म्या तरी बाहेरगावच्या. बाबलभाऊ मला मासे पकडायच्या जागेकडं नुसतं फिरवून आणत होते. वाटेत माझी नजर आपोआप किनाऱ्याकडं गेली. डोंगराची खाच हळूहळू देवळाच्या कळसाकडं सरकत होती.

"थंय बघू नकात," ते हळूच म्हणाले. "मान खाली घाला. भायरचे होडीवाले तुमका बघतत."

मी शाळकरी पोरीसारखी मान खाली घातली. इंजिनाचा आवाज तसाच चालू होता, त्यांनी वेग जराही कमी केला नाही. आम्ही पेठेच्या जवळून चाललो होतो की लांबून, तेही मला कळलं नाही. माझ्यानं राहवेना.

"बाबलभाऊ, तुम्ही तरी कधी येऊन बघितलंत?"

"नाय. शबूद दिललो."

"मग कुणी तरी? जाळं टाकायला, गळ टाकायला?"

"कोण नाय."

"म्हणजे ती जगली का मेली..."

"म्हायत नाय, बाये," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. "कोणाकच म्हायत नाय."

उभ्या आयुष्यात 'माहीत नाही' या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत. विद्यार्थ्यांना नाही, स्वतःला तर नाहीच. त्या दिवशी होडीत मान खाली घालून बसले होते आणि बाबलभाऊंच्या त्या उत्तराला आनंदानं पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांत कुणीही गेलं नव्हतं.